स्टीलचा जग आणि चिडलेले काका

नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत मी टेस्टिंग रूम सांभाळतो. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा हंगाम, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका शनिवारी, ऐन गर्दीत, साठीचे एक काका काउंटरवर आले आणि शिराज या रेड वाईनची सीलबंद बाटली त्यांनी माझ्यासमोर आदळली.

"मागच्या महिन्यात तुमच्याकडून दोन नेल्या. एक मोरीत ओतली. उकडलेल्या अंड्याचा वास! ही परत घ्या."

मागे काकू, मुलगी, जावई. चौघांच्याही चेहऱ्यावर वर्षाची सहल वाया गेल्याचा भाव. आजूबाजूच्या टेबलांवरचे पाहुणे आपापले ग्लास हातात धरून ऐकू लागले.

"उघडू का?" विचारून मी झाकण फिरवलं. काकांचं खोटं नव्हतं. अंडं, आणि त्यामागे नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास. पण वाईन नासलेली नव्हती. द्राक्षरस आंबताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हायड्रोजन सल्फाइड सोडतं. ते अगदी नखाएवढं असलं तरी आपल्या नाकाला कळतं. त्यात फिरकीच्या झाकणातून हवा जवळजवळ आत जात नाही, म्हणून वास आतच अडकून बसतो.

आमच्या शोकेसमध्ये लांब मानेचा, महागडा काचेचा डिकँटर आहे, म्हणजे बाटलीतली वाईन आधी ओतून घ्यायचं भांडं. फोटोसाठी उत्तम, धुवायला शिक्षा. तो मी मुद्दामच काढला नाही. एका ग्लासात थोडी वाईन तशीच बाजूला ठेवली आणि उरलेली पाण्याच्या स्टीलच्या जगात ओतली. तिथून दुसऱ्या जगात, पुन्हा पहिल्यात. दूध निववतात तशी, वरून, धार धरून. दोन-तीन मिनिटं. शेजारच्या टेबलावरच्या एका जाणकारांनी डोळे मिटून घेतले.

मग कुठला कोणता ते न सांगता दोन ग्लास आधी मुलीपुढे सरकवले. तिने हुंगले, चाखले. "दुसरी बाटली कधी उघडलीत?"

काकांनी नाक ग्लासात बराच वेळ ठेवलं. "अंडं गेलं," म्हणाले. थोड्या वेळाने, जरा नाराजीनेच, "मिरी आहे का हो यात?" आहेच. शिराजमधला मिरीचा वास आणि खऱ्या काळ्या मिरीचा वास एकाच द्रव्याचा, रोटनडोनचा. सल्फाइडच्या आड तो दबला होता. जावयाला मात्र पहिलाच ग्लास आवडला. "त्यात दम होता," म्हणाला. असतात अशी माणसं, त्यांना सुधारायला जाऊ नये.

डिकँटिंग, म्हणजे असं ओतून घेणं, जुन्या, उंची वाईनसाठी असतं असा समज आहे. जुन्या रेड वाईनचा तळाला बसलेला गाळ वेगळा करायला ते लागतं, हे खरं. बोर्डोचे वाईनतज्ज्ञ एमिल पेनो तर गाळ असेल तरच ओतून घ्या, उगाच हवा देऊ नका, असं सांगत. जुन्या बाटलीबद्दल मला ते पटतं. तिचा उरलासुरला सुगंध हवेने पटकन उडतो. पण आपण घरी उघडतो ती बाटली सात-आठशे रुपयांची, कोवळी, फिरकीच्या झाकणाची. हवेची गरज तिलाच जास्त. नुसतं बूच काढून ठेवून काही होत नाही, बाटलीच्या मानेत हवेला भिडणारा पृष्ठभाग असतो केवढा! अर्ध्या तासात टॅनिन, म्हणजे वाईनमधली तुरट द्रव्यं, मऊ होतात असं मात्र मी पाहुण्यांना सांगत नाही. वास उडतो, फळ पुढे येतं, म्हणून तुरटपणा कमी भासतो, एवढंच.

काकूंचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता: "आमच्या तांब्याच्या लोट्यात ओतली तर?" तांबं सल्फाइडला धरून ठेवतं, हे अगदी बरोबर. वायनरीतही बाटलीत भरण्याआधी कधीकधी कॉपर सल्फेटची अत्यल्प मात्रा देतात. पण वाईन आंबट. कल्हई नसलेल्या भांड्यात आपण चिंचेचं सार ठेवत नाही, तसं हिलाही ठेवू नये. स्टील किंवा काच बरी.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास असेल तर मात्र कितीही ओता, तो जात नाही. ती बाटली बेलाशक परत करा. स्पार्कलिंग वाईन अशी ओतू नका, बुडबुडे जातील. आणि आपल्या मार्चमध्ये रेड आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच ओता, नाहीतर जगातच ती कोमट होते.

जग रिकामा झाला. काका मग मोरीत ओतलेल्या बाटलीच्या पैशांवर आले. मॅनेजर म्हणाला, रिकामी बाटली दाखवा. ती भंगारवाल्याने नेली होती. बराच वेळ घासाघीस चालली होती. मी पुढच्या टेबलाकडे वळलो.