मागचे डावे दार

दिवाळी आटोपल्यानंतरच्या एका दुपारी, पार्ल्याच्या बाजारात कशीबशी जागा मिळवून मी गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि मागचे दार उघडल्याचा आवाज येण्याची वाट पाहत बसलो. तो आला नाही. त्याऐवजी आतली कळ ओढली जाऊन पुन्हा जागेवर आल्याचा पोकळ ‘टक्’ ऐकू आला, मग आणखी एक, मग तिसरा. आणि तिसऱ्यानंतर आईने, आपण पाहुण्यासारखे आलो आणि घरच्यांनी दारच उघडले नाही अशा स्वरात, “अरे, हे उघडत नाही,” असे जाहीर केले. मी मागे वळून, हात लांबवून कळ ओढून पाहिली. तिच्यात जीवच नव्हता. एरवी ती ओढताना पलीकडून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा जो किंचित विरोध जाणवतो, तो नाहीसा झाला होता. शेवटी उतरलो, गाडीला वळसा घातला आणि बाहेरून मूठ ओढली, तर दार मुकाट्याने उघडले. बाहेरच्या माणसाचे ते ऐकत होते. आतल्याचे ऐकणे तेवढे त्याने सोडून दिले होते.

“उद्याच मिस्त्रीकडे टाकतो,” असे मी तेव्हा म्हणालो, आणि तसे म्हणताना ते खरेही वाटत होते. परंतु गाडीचे दुखणे ब्रेकचे असले, तर माणूस धावतो आणि मागच्या डाव्या दाराचे असले, तर त्याच्याशी जमवून घेतो. आईने उजवीकडे बसायला सुरुवात केली असती, तर प्रश्नच मिटला असता. पण ती एक्याऐंशी वर्षांची आहे आणि फूटपाथ डावीकडे असतो, या दोन गोष्टींपुढे माझा युक्तिवाद चालला नाही. “जन्मभर टॅक्सीतून डावीकडूनच उतरले. आता या वयात रस्त्याच्या मधोमध उतरू?” असे तिने विचारले. याला उत्तर नव्हते. मग ठरून गेले, की गाडी थांबली की मी उतरायचे, वळसा घालायचा आणि दार उघडायचे. हे तब्बल आठ महिने चालले.

या आठ महिन्यांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने एकच निदान केले. सोसायटीचा वॉचमन, पेट्रोल पंपावरचा मुलगा, माझा मेहुणा, मेहुण्याचा शेजारी, आणि एकदा तर देवळाबाहेर चपला सांभाळणारा गृहस्थ, या सर्वांनी तेच सांगितले: “चाइल्ड लॉक लागला असेल.” मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून दाराच्या कडेला असलेली ती इवलीशी खुंटी मी पहिल्याच दिवशी, आणि त्यानंतर किमान वीस वेळा, वर-खाली करून पाहिली होती. तरीही प्रत्येक वेळी मला दार उघडून, वाकून, ती खुंटी दाखवून, आपण इतके बावळट नाही हे सिद्ध करावे लागे; आणि समोरचा माणूसही ती स्वतःच्या बोटाने एकदा हलवून पाहिल्याशिवाय मागे हटत नसे. मोटारीविषयी प्रत्येक पुरुषाला एकच गोष्ट ठाऊक असते आणि ती सांगायची संधी तो आयुष्यभर शोधत असतो, असे माझे मत झाले आहे. मेहुण्याला ते मी सांगितलेले नाही.

खरा घोळ झाला तो सोसायटीत. गाडी फाटकातून आत यायची, मी लगबगीने उतरायचो, वळसा घालून मागचे दार अदबीने उघडायचो आणि आई एका हातात पर्स, दुसरा हात माझ्या मनगटावर, अशी संथपणे उतरायची. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हे दृश्य गॅलरीतून महिनाभर पाहिले असावे. एके संध्याकाळी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “तुमचे हे म्हणजे अगदी श्रावणबाळ हो!” आणि स्वतःच्या मुलाला, मी ऐकत असताना, “बघ जरा, आजींसाठी रोज कसं दार उघडतात ते,” असा टोमणाही त्यांनी मारला. त्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. बायको जिना चढेपर्यंत गप्प राहिली; घरात शिरल्यावर मात्र एवढेच म्हणाली, “कावड घेऊन ये आता कुठून तरी.” दार बिघडले आहे हे काकूंना सांगण्याचा मी प्रयत्न केला नाही, असे नाही. पण मी म्हणालो, “अहो, ते आतून उघडत नाही म्हणून,” आणि त्यांना तो माझा विनय वाटला.

गिरगावातल्या आमच्या चाळीत दार आतून उघडते की बाहेरून, हा प्रश्न दिवसा कधी आलाच नाही, कारण दिवसा दारे बंदच नसत. बंद करण्याच्याही पायऱ्या होत्या. ‘दार लाव’ म्हणजे फळ्या जुळव. ‘कडी घाल’ म्हणजे रात्र झाली. ‘ओढून घे’ म्हणजे तू बाहेर चालला आहेस. आणि ‘लोटून घे’ म्हणजे यांतले काहीच नाही. दुपारी बाबा सुट्टीच्या दिवशी जरा आडवे झाले, की आई हळू आवाजात “दार लोटून घे रे” म्हणायची. लोटलेले दार सगळ्या मजल्याला वाचता येत असे. आत कोणी झोपले आहे, पण घरात माणूस आहे, फार अडले असेल तर ये, नाहीतर चारनंतर ये. शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या, लोटलेले दार पाहायच्या आणि तशाच परत फिरायच्या. आम्ही पोरे मात्र त्या फटीतून पाय न वाजवता आत शिरून माठातले पाणी पिऊन येत असू. बिजागरी कुरकुरू नये म्हणून दार किंचित उचलून धरावे लागे, हे तंत्र माझ्या थोरल्या बहिणीला सर्वांत चांगले साधले होते.

टॅक्सीचे दार लोटता येत नाही, हे मी मे महिन्यात शिकलो. कोकणात जायचे म्हणजे गिरगावातून मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकापर्यंत टॅक्सी, आणि ती वर्षातून तेवढीच एकदा. त्या गाड्यांचे नाव चौऱ्याहत्तरच्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाले होते, पण त्याआधी १९६४ पासून त्या फियाट म्हणून बनत आल्या होत्या आणि आमच्या घरात त्या शेवटपर्यंत फियाटच राहिल्या. वळकट्या डिकीत, ट्रंक वरच्या कॅरियरवर, मागे आई आणि आम्ही तिघे, आणि पुढे बसण्यापूर्वी आमच्या बाजूचे दार लावण्याचा मान बाबांचा. बाबांनी ते चाळीच्या सवयीने हलकेच लावले, की टॅक्सीवाला मान न वळवता म्हणे, “बराबर नहीं लगा.” मग बाबा ते जोरात आपटत आणि टॅक्सीवाला तितक्याच थंडपणे म्हणे, “घर का दरवाजा है क्या, साब?” हलके आणि जोरात यांच्यामध्ये त्या दाराला पसंत पडणारा एक नेमका जोर होता, तो बाबांना कधी सापडला नाही. उतरतानाची तऱ्हा आणखी निराळी. मागच्या दाराची आतली मूठ बहुधा तुटलेली असे, तिच्या जागी नुसता खुंट उरलेला असे. तेव्हा टॅक्सीवाला स्टिअरिंगवरचा डावा हात सोडून, पाठीमागे न बघता, आमच्या गुडघ्यांवरून लांबवून तो खुंट बरोबर पकडी, अर्धवट पिरगळी आणि खांद्याने नव्हे, नुसत्या मनगटाच्या झटक्याने दार उघडून देई. मला तो हात फार आवडायचा. मोठेपणी आपल्यालाही असे न बघता दार उघडता आले पाहिजे, अशी माझी एक महत्त्वाकांक्षा होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा लोकांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगाविषयी पुष्कळ लिहिले; मला आठवला तो मुठीचा खुंट.

जुलैपर्यंत हे सर्व गमतीचेच होते.

जुलैतल्या एका दुपारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेऊन परत येत असताना सांताक्रूझजवळ एस. व्ही. रोडवर पाणी भरू लागले. फार नव्हते. पुढच्या रिक्षाची चाके निम्मी बुडाली होती आणि आमची गाडी बंद पडलेली नव्हती, नुसती अडकलेली होती. पुढेही वाहने, मागेही वाहने. वायपर एकाच लयीत चालले होते. अशा वेळी पार्ले-सांताक्रूझच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला जे आठवायचे ते आठवतेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्या दिवशी या शहरात काही माणसे स्वतःच्या मोटारीत, बंद काचांच्या आणि न उघडणाऱ्या दारांच्या आड गुदमरून गेली. त्यानंतर काच फोडण्याची छोटी हातोडी गाडीत ठेवायची टूम निघाली होती. आमच्याकडेही एक होती, ती कधीतरी भिंतीत खिळा ठोकण्यासाठी वर घरी गेली आणि परत खाली आलीच नाही. मी आरशात पाहिले. आई पर्स मांडीवर घेऊन बाहेरचे पाणी बघत होती आणि तिची दोन बोटे त्या निर्जीव कळीत अडकलेली होती. ती ओढत नव्हती. नुसती बोटे ठेवली होती. “पाणी चढतंय का रे?” तिने विचारले. मी नाही म्हणालो आणि ते खरेही होते. अर्ध्या तासाने वाहने हलली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, गॅरेजचे शटर उघडण्याच्या आधी, मी दारात उभा होतो.

मिस्त्रीने दोन स्क्रू काढले, डोअर पॅडच्या कडेत हात घालून ते एका हिसक्यात उचकटले आणि मागचा प्लास्टिकचा कागद सोलून काढला. आत पाणी होते. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दारात उतरते आणि तळाच्या छिद्रांवाटे निघून जाते, अशी योजना असते म्हणे. आमची गाडी मात्र सोसायटीतल्या गुलमोहोराखाली उभी राहते आणि त्याच्या भाताच्या टरफलाएवढ्या पानांनी ती छिद्रे केव्हाच बुजवली होती. वळणावर दारातून येणारा डुबुक असा आवाज मी दोन पावसाळे ऐकत होतो आणि तो पाण्याच्या बाटलीचा समजत होतो. त्या ओलीने लॉक आतून गंजला, जुने ग्रीस धूळ खाऊन डांबरासारखे घट्ट झाले, त्यामुळे आतली कळ ओढायला दिवसेंदिवस जास्त जोर लागू लागला, आणि शेवटी तो सगळा जोर ज्या एका गोष्टीवर आला ती तुटली: आतल्या कळीपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाला धरून ठेवणारी हरभऱ्याएवढी प्लास्टिकची क्लिप.

लॉक बाहेर काढून मिस्त्रीने तो माझ्या हातावर ठेवला. दाराच्या चौकटीच्या खांबावरची यू आकाराची कडी पकडायला त्यात खेकड्याच्या नांगीसारखा एक तुकडा असतो आणि ती नांगी उलटी फिरू नये म्हणून मागे खटका पडतो. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने नांगी दाबून दाखवली. एकदा दाबली तर एक ‘खट्’, आणखी दाबली तर दुसरा. पहिल्या खाचेत दार अडकते पण बसत नाही, दुसऱ्या खाचेत ते घट्ट बसते. म्हणजे मोटारीलाही लोटलेले दार असते तर! बाबा पद्मिनीचे दार पहिल्या खाचेत सोडत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. अपघातात दारे उघडून माणसे बाहेर फेकली जातात हे ध्यानात आल्यावर फोर्डने १९५६ च्या मोटारींना अधिक पक्क्या पकडीचे लॉक बसवले होते, हे मी कुठेतरी वाचले होते. दार बंद राहावे यासाठी इतकी डोकी खपली आणि आतून उघडण्याचे काम मात्र एका तारेवर आणि हरभऱ्यावर सोपवले गेले, याचा त्या क्षणी मला राग आला. “क्लिप सुटी मिळत नाही. पूर्ण असेंब्लीच टाकावी लागेल,” मिस्त्री म्हणाला. हे वाक्य तो कशाविषयीही म्हणतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच्या पोऱ्याने दुपारी जुन्या गाडीतून काढलेला लॉक आणला, तो उजव्या दाराचा निघाला; संध्याकाळी डावा आणला. पोऱ्याने तळाची छिद्रे तारेने मोकळी केली तेव्हा जमिनीवर चांगला तांब्याभर गढूळ पाणी सांडले आणि त्याबरोबर एक रुपयाचे नाणेही निघाले. ते त्याने मला परत केले.

रविवारी आईला घेऊन पुन्हा बाजारात गेलो. गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि वाट पाहत बसलो. आवाज आला नाही. पोटात गोळा आला. आरशात आई पर्स मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेली दिसली.

“आई, अगं आता आतून उघडतं ते.”

“ठाऊक आहे मला. मघाशी खालीच दोनदा उघडून पाहिलं,” ती म्हणाली. “पण इथल्या गटाराचं झाकण हलतं. तू खाली उतरून बघ आधी.”

मी उतरलो आणि वळसा घालून गेलो. झाकण खरोखरच हलत होते.