रास्पबेरी पायवर न थांबणारा लेक्सर

गेल्या पावसाळ्यात नाशिकला कॉलेज रोडवरच्या माझ्या घरी बसून मी आणि माझा मित्र सी भाषेत लिहिलेला आमचा छोटा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) पहिल्यांदाच रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालवून पाहत होतो. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होत असताना इथे मात्र पहिलीच फाइल वाचताना लेक्सर, म्हणजे कोड वाचून त्यातले शब्द सुटे करणारा भाग, थांबेना.

दोष एकाच ओळीत निघाला. फाइलमधून एकेक बाइट वाचणाऱ्या 'गेटसी' या फंक्शनकडून आलेले मूल्य आम्ही 'चार' (char) या एका बाइटच्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याची तुलना फाइल संपल्याची खूण असलेल्या 'ईओएफ'शी, म्हणजे लिनक्सवर उणे 1 शी, करत होतो. 'चार' साइन्ड (उणे आकडेही ठेवणारा) मानायचा की अनसाइन्ड (उणे आकडे नसलेला), हे सी भाषेच्या स्टँडर्डने कंपायलरवर सोडलेले आहे. लिनक्सवर इंटेलच्या प्रोसेसरसाठी तो साइन्ड असतो आणि एआरएमसाठी, म्हणजे पायमधल्या प्रोसेसरसाठी, अनसाइन्ड; त्यामुळे पायवर उणे 1 चे 255 होत होते आणि लूप संपण्याची अट कधीच पुरी होत नव्हती.

मात्र लॅपटॉपवरचा कोड तरी कुठे बरोबर होता? मला तर तिथली चूक जास्त गंभीर वाटते, कारण ती गप्प होती. आमच्या एका टेस्टमधल्या स्ट्रिंगमध्ये 'नाशिक' हा शब्द आहे. अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत 'न' या अक्षराचे 224, 164 आणि 168 असे तीन बाइट होतात. साइन्ड 'चार'मध्ये 224 चे उणे 32 होतात आणि आम्ही तोच आकडा 256 घरांच्या ॲरेचा इंडेक्स (घराचा क्रमांक) म्हणून वापरत असल्यामुळे ॲरेच्या आधीची मेमरी वाचली जात होती. तिथे योगायोगाने शून्य असे, एवढ्याच आधारावर ती टेस्ट इतके महिने पास होत आली होती.

आता वाचलेले मूल्य 'इंट' या 'चार'पेक्षा मोठ्या टाइपमध्ये राहते, आणि स्ट्रिंगमधला बाइट इंडेक्स म्हणून वापरण्याआधी 'अनसाइन्ड चार'मध्ये बदलला जातो. जीसीसी या सी कंपायलरला 'एफअनसाइन्ड-चार' हा पर्याय देऊन लॅपटॉपवरही 'चार' अनसाइन्ड करता येतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर टेस्ट दोन्ही प्रकारे चालवतो.

त्याच दिवशी न वापरलेली व्हेरिएबल्सही काढायची होती. "अरे, साफसफाई वेगळ्या कमिटमध्ये टाक," असे मित्राने बजावले, आणि ते मला पूर्ण पटले. कमिट म्हणजे कोडमधल्या बदलांची एक स्वतंत्र नोंद; पुढे काही बिघडले तर नेमका कोणता बदल मागे घ्यायचा, हे त्यामुळे लगेच कळते. 64 बिट विंडोजवर 'लाँग' हा पूर्णांकांचा टाइप 32 बिटांचाच असतो, म्हणून स्थिरांकांसाठी सी99 या सी भाषेच्या स्टँडर्डमधला 64 बिटांचा ठरावीक टाइप घेणे, हा तिसरा कमिट आम्ही दुसऱ्या दिवशी केला.