काकूंची एक्कावन्न लाखांची उलाढाल

काकूंचे आयकर विवरणपत्र भरायला आमच्या कार्यालयात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी लागलेला नाही. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि २०१९ साली वारले. तेव्हापासून काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांच्या मुदत ठेवींवर व्याज येते. काकूंना कर लागत नाही, पण बँकेत फॉर्म १५एच, म्हणजे मला कर लागत नाही तेव्हा व्याजातून कापू नका असे लिहून देणारा अर्ज, द्यायचा दरवर्षी राहून जायचा, बँक व्याजावर दहा टक्के कर कापून घ्यायची आणि तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागायचे. २०२४-२५ या वर्षाचे निवृत्तिवेतन २,७६,००० रुपये, त्यातून २५,००० ची वजावट, वर ९४,६०० रुपये व्याज, म्हणजे एकूण उत्पन्न ३,४५,६०० रुपये. नव्या करप्रणालीत कलम ८७-ए च्या, म्हणजे त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला असलेल्या, सवलतीमुळे कर शून्य आणि परतावा ९,४६० रुपये. हे गणित मी त्यांची फाइल न उघडता सांगू शकतो.

जुलै २०२५ मधल्या एका सकाळी आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलीने काकूंचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घेतले आणि मला विचारले, "सर, या काकूंनी धंदा काढलाय का?" मला वाटले, तिने दुसऱ्याच कोणाची फाइल उघडली असावी. आमच्याकडे एकाच आडनावाचे पुष्कळ ग्राहक आहेत आणि असे पूर्वी घडलेले आहे. मी उठून तिच्या पडद्यासमोर गेलो. नाव काकूंचे होते, जन्मतारीख काकूंची होती, निवृत्तिवेतन आणि व्याजाचे आकडेही बरोबर होते. त्यांच्या खाली जीएसटी उलाढालीच्या रकान्यात ५१,३०,००० रुपये दिसत होते, आणि टीडीएसच्या भागात कलम १९४सी खाली, म्हणजे कंत्राटदाराला दिलेल्या रकमांमध्ये, एका अनोळखी कंपनीने काकूंना ४८,६०,००० रुपये देऊन त्यावर एक टक्का, ४८,६०० रुपये, कर कापल्याची नोंद होती.

जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही, लॉग-इन न करता, पॅन टाकून त्यावर किती नोंदण्या आहेत हे पाहता येते. ही सोय फार थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि आमच्या व्यवसायातले पुष्कळ जणही ती फक्त पुरवठादार तपासण्यापुरती वापरतात. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. महाराष्ट्राचे २७. काकूंच्या पॅनवर जो क्रमांक निघाला, त्याचे पहिले दोन आकडे २७ नव्हते. वैध नावाच्या जागी काकूंचे पूर्ण नाव, गुरुजींच्या नावासह. व्यापारी नावाच्या शेवटी 'एंटरप्रायझेस'. आणि व्यवसायाचे ठिकाण अशा एका राज्यात, जिथे काकू आयुष्यात एकदा, काशीयात्रेला जाताना, रेल्वेच्या खिडकीतून डोकावल्या असतील तेवढ्याच. त्या नावाने दोन महिने विक्री दाखवली गेली होती, पुढची विवरणपत्रे भरलेली नव्हती. बनावट बिले फाडणाऱ्यांची ही नेहमीची रीत आहे. नाव कोणाचे तरी घ्यायचे, दोन-तीन महिने बिले विकायची, ज्यांनी विकत घेतली त्यांना कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवरचा कर आपल्या करातून वजा करण्याची सोय, मिळवून द्यायचे आणि खाते तसेच सोडून पुढचे नाव धरायचे. मागे राहतो तो पॅनचा मालक. केंद्र आणि राज्ये मिळून २०२३ आणि २०२४ साली अशा बोगस नोंदण्यांविरुद्ध खास मोहिमा राबवल्या गेल्या, त्यानंतरची ही गोष्ट आहे.

काकूंना फोन केला तेव्हा त्या गावी होत्या. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. थोडा वेळ शांतता राहिली आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझी पेन्शन बंद होईल का हो, भाऊ?" दुसऱ्या दिवशी त्या पुतण्याला घेऊन आल्या. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रे होती, अगदी गुरुजींच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत. गुरुजी गेल्यानंतरच्या वर्षभरात पॅन आणि आधारच्या प्रती कुठे कुठे दिल्या, याची आम्ही यादी करायला बसलो: बँक, विमा, गॅस, पतसंस्था, पंचायत समिती, वीजजोडणीचे नाव बदलणे, आणि आमचे कार्यालय. शिवाय झेरॉक्सवाला, कारण आता कागद द्यावा लागत नाही, दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की प्रत निघते, आणि तो फोटो त्याच्या संगणकावर किती वर्षे राहतो हे कोणी विचारत नाही. एकाही प्रतीवर काकूंनी ती कशासाठी दिली हे लिहिलेले नव्हते. त्यांना तसे लिहायला आम्ही तरी कधी सांगितले होते?

नियमाप्रमाणे नवी जीएसटी नोंदणी करताना पॅनला जोडलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी जातो. काकूंच्या पॅनला जोडलेला मोबाइल गुरुजींचा होता. तो २०१९ सालीच बंद झाला, आणि बंद झालेला क्रमांक कंपन्या नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही देऊ शकतात. नियम करणाऱ्याने ओटीपीचा विचार केला, पण घरातला एकच फोन ज्याच्या नावावर होता तो माणूस गेल्यावर त्या फोनचे काय होते याचा केला नाही.

इथपर्यंत मी दुसऱ्यांच्या चुका मोजत होतो. त्याच संध्याकाळी काकूंच्या आयकर खात्यातील संपर्काची माहिती पाहिली. तिथे मोबाइल आमचा आणि ईमेलही आमचा होता. आमच्या व्यवसायात ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. ग्राहकाकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही, पासवर्ड बदलायचा तर ओटीपीसाठी त्याला तीनदा फोन करावा लागतो, त्यापेक्षा आपलाच क्रमांक घातलेला बरा. आमच्या टेबलाच्या खणात असे चार साधे फोन आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर क्रमांक लिहिलेला. हंगामात त्यांतला कोणता ना कोणता सतत वाजत असतो आणि आम्ही तो आवाजावरून ओळखतो. पासवर्ड ठरलेल्या साच्याचे, एका वहीत. ईमेल सगळ्यांना मिळून दोन.

त्या दोनपैकी एका ईमेलमध्ये मी काकूंचा पॅन टाकून शोधले. मार्चमध्ये आयकर विभागाचा संदेश येऊन पडलेला होता: आपल्या पॅनवर मोठ्या व्यवहारांची नोंद आहे, त्या मानाने आगाऊ कर भरलेला दिसत नाही, तरी ई-कॅम्पेनच्या पानावर जाऊन तपासावे. तो कोणी उघडला नव्हता. मार्चअखेरीच्या धांदलीत तसल्या मजकुराचे शेकडो संदेश येतात. चार महिने तो तिथे होता आणि काकूंना तो कळण्याचा कोणताच मार्ग आम्ही ठेवलेला नव्हता. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. आठवड्याने सांगितले.

पुतण्या दरम्यान दुसऱ्या एका सल्लागाराकडे जाऊन आला होता. त्याने सुचवलेला मार्ग असा: ही उलाढाल काकूंचीच समजायची, कलम ४४एडी खाली, म्हणजे हिशेबवह्यांशिवाय उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरण्याच्या सोयीखाली, तिच्यावर सहा टक्के नफा दाखवायचा, म्हणजे ३,०७,८००. काकूंचे स्वतःचे उत्पन्न मिळवले तरी बेरीज ६,५३,४०० होते, सात लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. वर कंपनीने कापलेले ४८,६०० आणि बँकेचे ९,४६० असे मिळून ५८,०६० रुपयांचा परतावा, एआयएसही जुळते आणि नोटीसही येत नाही. "सगळं मिटून जाईल म्हणतात," पुतण्या म्हणाला. गणित अचूक होते, हे मला कबूल करायला हवे. परताव्यातला वाटा घेऊन असली अचूक गणिते करणारी दुकाने आता तालुक्याच्या गावातही झाली आहेत.

मी कागदावर उलटी बाजू मांडून दाखवली. काकूंनी ही उलाढाल विवरणपत्रात घेतली आणि खाली सत्यापनावर सही केली, की तो धंदा काकूंचा असल्याचा पहिला खरा पुरावा काकूंनीच तयार केला. उद्या जीएसटी विभागाने त्या बिलांवरचा कर, व्याज आणि दंड मागितला, तर "हा मी नव्हेच" म्हणायची जागा उरणार नाही, कारण त्या धंद्याचा परतावा त्यांच्याच खात्यात जमा झालेला असेल. चोराने फक्त नाव वापरले होते, या मार्गाने आपण त्याला सहीसुद्धा दिली असती. काकू बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होत्या. मग पुतण्याला म्हणाल्या, "आपले नाहीत ते पैसे. राहू देत." पुतण्याने शेवटचा उपाय म्हणून नवे पॅन काढण्याचे विचारले, तेव्हा दोन पॅन बाळगल्यास कलम २७२बी खाली दहा हजारांचा दंड असतो, हेही सांगावे लागले.

पोलिसांकडचा अनुभव थोडक्यात सांगतो. "किती पैसे गेले?" "काही गेले नाहीत." "मग तक्रार कशाची?" ओळखीची चोरी हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे छापील कागदासह दाखवल्यावर अर्ज घेतला गेला आणि पोच मिळाली. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जावर लिहिला. ज्या राज्यात नोंदणी होती तिथल्या अधिकाऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम २९(२)(ई) चा आधार देऊन पत्र पाठवले, कारण फसवणुकीने मिळवलेली नोंदणी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. नुसती आजपासून रद्द करून घेतली असती, तर मागचे दोन महिने काकूंच्याच गळ्यात राहिले असते. लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांचे वर्षातून एकदा मिळणारे मोफत अहवाल काढले. एकात कोणीतरी कर्जासाठी चौकशी केल्याची नोंद सापडली, कर्ज मात्र दिलेले नव्हते. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले.

एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीवर अभिप्राय देता येतो. पर्याय ठरलेले आहेत: माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, दुबार आहे, माहिती अमान्य आहे. शिकाऊ मुलीचे म्हणणे होते की "दुसऱ्या पॅनची" निवडावे, कारण धंदा दुसऱ्याचाच आहे. तिचे तर्कशास्त्र बरोबर होते, पण तो दुसरा कोण हे आपल्याला सांगता येणार नव्हते, म्हणून दोन्ही नोंदींवर "अमान्य" नोंदवले. त्यानंतर विवरणपत्र उघडले, तर आधीच भरून आलेल्या माहितीत ते ४८,६०० रुपये काकूंच्या नावे जमा धरलेले. ती ओळ निवडून काढून टाकली. पंचवीस वर्षांत ग्राहकाचा कापला गेलेला कर शोधून शोधून जमा धरण्यात माझे आयुष्य गेले, हाताने पुसण्याची ही पहिलीच वेळ. परतावा पुन्हा ९,४६० वर आला.

सर्वांत जास्त वेळ लागला तो संपर्क बदलायला. पॅनला, आयकर खात्याला आणि बँकेला काकूंचा स्वतःचा क्रमांक लावायचा होता. ईमेल पुतण्याच्या मुलीने काढून दिला, पासवर्ड काकूंनी स्वतः ठरवला आणि मला सांगितला नाही. आमच्या वहीतली त्यांची ओळ मी त्यांच्यासमोर खोडली.

हे लिहीत असताना ती जीएसटी नोंदणी "निलंबित" दिसते आहे, रद्द झालेली नाही, आणि एआयएसमधल्या दोन्ही नोंदी त्यांच्या जागी आहेत. आमच्या सव्वातीनशे ग्राहकांपैकी त्रेसष्ट जणांचे संपर्क त्यांच्या त्यांच्या नावावर करून झाले. बाकीच्यांना फोन केला की बहुतेक म्हणतात, "तुमचाच राहू द्या ना, आम्हाला कुठे कळतंय त्यातलं."

ऑगस्टमध्ये विवरणपत्र सादर केल्यावर ई-सत्यापनासाठी मी नेहमीसारखा काकूंना फोन केला. आधारला पूर्वीपासून त्यांचाच क्रमांक आहे, त्यामुळे दरवर्षी मी म्हणायचो, "काकू, सहा आकडे आले असतील, वाचा बरं," आणि त्या चष्मा शोधून एकेक आकडा वाचायच्या. कशाचे आहेत, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. या वेळी त्या म्हणाल्या, "आलेत. पण फोनवर नाही सांगणार, भाऊ. सकाळच्या एसटीने येते." ओटीपी तोवर टिकणार नाही, पण त्या आल्यावर दुसरा मागवता येईल, हेही त्यांनीच मला समजावले. दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्या पोवई नाक्यावरच्या आमच्या कार्यालयात आल्या, फोन टेबलावर ठेवला, आणि पडद्यावर काय लिहिले आहे ते आधी मला मोठ्याने वाचायला लावले.