ती सुटली की वेडी झाली?

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा कुणालाही वाचायला दिली की पुढच्या भेटीत हाच प्रश्न येतो: शेवटी ती सुटली की वेडी झाली? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. माझ्या मते ती सुटली नाही.

कथा १८९२ सालची, अमेरिकेतली. नुकतीच बाळंत झालेली, मनाने खचलेली एक बाई. नवरा जॉन स्वतः डॉक्टर. उन्हाळ्यापुरता एक जुना वाडा भाड्याने घेऊन तो तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, नुसता आराम करायचा. खिडक्यांना गज, भिंतींत कड्या, पलंग जमिनीला खिळलेला, जिन्याच्या तोंडाशी फाटक. ती म्हणते, पूर्वी ही मुलांची खोली असावी. अख्ख्या कथेत मला हेच सगळ्यात जिव्हारी लागतं. गज तिला दिसतात, पण नवऱ्याच्या मायेवर शंका घ्यायची हिंमत होत नाही. जॉन हात उगारत नाही. तो तिला उचलून वर नेतो, ‘छोटी मुलगी’ म्हणून लाडावतो आणि तिचं एकही म्हणणं मनावर घेत नाही.

खोलीच्या भिंतींना लावलेल्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड तिला दिसणारी अडकलेली बाई, रात्रीच्या उजेडात त्याच नक्षीचे होणारे गज, यावर पुष्कळ बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण नजर जरा खाली न्या. जमिनीलगत, भिंतीच्या कडेकडेने खोलीभर एक लांब डाग आहे, पुन्हा पुन्हा घासून पडल्यासारखा. हा कुणी पाडला, असा तिला प्रश्न पडतो. शेवटी ती रांगत असते, आणि तिचा खांदा त्या डागात बरोब्बर बसतो! कागद तिने ओरबाडून काढलाय, जणू नक्षीआडची बाई तीच, अशी ‘मी बाहेर आले’ म्हणतेय, आणि दोराने स्वतःला बांधूनही घेतलंय. जॉन दार उघडून आत येतो, बेशुद्ध पडतो. दार उघडं आहे. ती तिकडे जात नाही, त्याच्या अंगावरून रांगत भिंतीकडेने फेऱ्या घालत राहते.

गिलमन मात्र बाहेर पडल्या. १८८५ मध्ये मुलगी झाल्यावर त्यांनाही असंच नैराश्य आलं होतं. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. सिलास वेअर मिचेल यांनी त्यांना विश्रांतीचा उपचार दिला आणि घरी पाठवताना बजावलं की लेखणी, कुंचला, पेन्सिल जन्मभर हाती धरायची नाही. हा सल्ला पाळता पाळता त्या वेडाच्या काठावर पोचल्या. मग त्यांनी तो झुगारला, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, कॅलिफोर्नियात गेल्या आणि ही कथा लिहिली. एक प्रत मिचेलना धाडली. त्यांनी पोचही दिली नाही. बॉस्टनच्या एका डॉक्टरने तर तक्रार केली की असली कथा वाचून कुणीही वेडं होईल. १९१३ मध्ये गिलमननी त्यावर लिहिलं: ही कथा लोकांना वेड लावायला नव्हती, वेडं होण्यापासून वाचवायला होती.