दर महिन्याचा तिसरा रविवार

‘मग कधी जायचं?’ हा प्रश्न ग्रुपवर पडला की तो ट्रेक गेला म्हणून समजा. चौदा जण, चार रविवार, त्यात कुणाची साखरपुड्याची पंगत, कुणाच्या मुलाची परीक्षा. पोल टाकला तर आणखी वाईट: प्रत्येक तारखेला पाच-सहा मतं पडतात आणि जिच्यावर सगळे येतील अशी तारीख नसतेच.

म्हणून तारीख विचारायची नाही, सांगायची. महिन्याचा तिसरा रविवार, वर्षभर. पहिला नको, कारण पगार, बिलं आणि घरची कामं त्याच आठवड्यात असतात. शेवटचा नको, कारण तो जोडसुट्टीत हमखास अडकतो. तिसरा ठरला की लोक इतर कार्यक्रम त्याच्या आजूबाजूला लावायला लागतात. याला तीन-चार महिने लागतात, आणि तेवढे महिने चारच जण आले तरी जायचं. कोरम नसल्यामुळे एकदा रद्द झालं की पुढच्या वेळी ‘बघू, होतंय का’ म्हणणारे वाढतात.

वर्षाची यादीही एकदाच, जूनमध्ये करावी. पावसाळ्यात पायऱ्यांचे आणि रुंद वाटांचे किल्ले: लोहगड, कोरीगड. ऑक्टोबरात तोरणा, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि फुलं अजून असतात. डिसेंबर-जानेवारीत लांबचं एखादं, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई. मार्च ते मे दिवसा चढायचं असेल तर अकराच्या आत खाली, नाहीतर नकोच. मे अखेर काजव्यांसाठी राजमाचीला अख्खं पुणं-मुंबई लोटतं. जायचंच तर आडवारी जावं आणि टॉर्च काजव्यांवर मारू नये. काही तारखा टाळायच्याच असतात. १९ फेब्रुवारीला शिवनेरी आणि ६ जूनच्या आसपास रायगड इथे जायचं ते सोहळ्यासाठी; निवांत गड बघायला तो दिवस नव्हे. वर्षातून एक बेत बिनचढाईचा ठेवा, हुरड्याचा वगैरे. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत ते आणि घरची मंडळी त्या निमित्ताने येतात, आणि उरलेल्या अकरा रविवारांना घरून परवानगी मिळणं सोपं जातं.

आता मेसेज. दहा दिवस आधी, एकच, आणि त्यात विचारायला काही उरू नये असा. नमुना:

‘रविवार १८ जानेवारी. राजगड, गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढ-उतार. पहाटे ५.३० ला ठरलेल्या पेट्रोल पंपावर. पुण्यात परत संध्याकाळी ७. चढ दोन-अडीच तास, शेवटी रेलिंग धरून चढावं लागतं. उंचीची भीती असेल तर मला आधी फोन करा. माणशी ६०० (गाडी ३५०, जेवण २५०). पैसे आले की नाव पक्कं. यादी गुरुवारी रात्री ९ ला बंद.’

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘पैसे आले की नाव पक्कं’. ‘मी नक्की’ लिहायला काही लागत नाही. ज्याने सहाशे रुपये पाठवलेत तो शनिवारी रात्री लग्नातून उशिरा आला तरी पहाटे उठतो. पैसे परत मिळण्याचा नियमही तिथेच सांगून टाकावा: गुरुवारनंतर गळालात तर जेवणाचे परत, गाडीचे नाहीत, बदली माणूस दिला तर सगळे परत. मित्रांत असला नियम रुक्ष वाटतो खरा. पण नियम नसला की नुकसान कायम एकाच माणसाच्या खिशातून जातं, आणि तो माणूस वर्षभरात आयोजन सोडतो.

या मेसेजसाठी त्या ट्रेकपुरता वेगळा ग्रुप काढा आणि सोमवारी मोडा. मुख्य ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांत आणि राजकारणात जमण्याची वेळ वाहून जाते.

गाडीचा हिशेब हा या सगळ्यातला खरा किचकट भाग. बहुतेकांना वाटतं, पंधरा माणसं म्हणजे सतरा सीटर. पण टेम्पो ट्रॅव्हलरला दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुधा अडीचशे ते तीनशे, आणि मीटर मालकाच्या दारापासून चालू होतो. पुण्याहून गुंजवणे जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास. म्हणजे न धावलेल्या किलोमीटरचे पैसे जवळपास धावलेल्याइतकेच. हरिश्चंद्रगडाला पाचनईमार्गे गेलात तर तीनशेच्या वर होतात, तिथे हीच गाडी स्वस्त पडते. तेव्हा जवळच्या गडाला आपापल्या गाड्या, एका गाडीत चौघं (पाचवा बसतो, पण त्याच्यासोबत त्याची सॅकही बसते), आणि लांबच्याला टेम्पो.

आपल्या गाड्या नेल्या तर पेट्रोलचं बिल वाटू नका. एकाची डिझेल, एकाची सीएनजी, एकाची टाकी आधीच भरलेली. त्या वादाला अंत नाही. किलोमीटरला एक दर ठरवा, समजा दहा रुपये, सगळ्या गाड्यांना सारखा. सव्वाशे किलोमीटरचे साडेबाराशे, टोल धरून चौदाशेच्या आसपास, भागिले चार म्हणजे साडेतीनशे. गाडीवालाही आपला वाटा भरतो आणि गाडीचे पूर्ण चौदाशे घेतो.

टेम्पो ठरवताना दर माणशी काढायचा तो जितके येणार त्यातून दोन वजा करून. समजा दिवसाचे ९,१०० ठरले आणि पंधरा नावं आहेत. पंधरांनी भागलं तर ६०७ येतात. शनिवारी चार गळाले की तेच ८२७ होतात आणि उरलेल्या अकरा जणांची तोंडं वाकडी होतात. म्हणून आधीच तेरांनी भागा, ७०० घ्या. सगळे आले तर जवळपास चौदाशे उरतात, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो. ठरवताना मालकाला पाच गोष्टी विचारायच्या: किमान किलोमीटर, वरचा दर, टोल कुणाकडे, ड्रायव्हरचा भत्ता, आणि रात्री उशीर झाला तर जादा किती. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि आदल्या रात्री ड्रायव्हर कुठून येतोय ते पाहा. रात्रभर दुसरं भाडं मारून आलेला ड्रायव्हर पहाटे पाचला घाटात नको.

गाडीच नको असेल तर पुण्याहून लोणावळा लोकल आहे. मळवलीला उतरायचं, द्रुतगती मार्ग पुलावरून ओलांडून भाजे गावातून गायमुख खिंडीत. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. यात कुणी गळालं तरी कुणाचा दर बदलत नाही, त्यामुळे ग्रुप नवा असताना पहिले तीन-चार बेत लोकलचेच करावेत. फक्त दुपारी गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, परतीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा.

जमण्याची जागा हायवेवरचा पूल नको. नवले पुलावर पहाटे चार गाड्या कडेला लावून एकमेकांना फोन करत उभं राहणं हा जिवाशी खेळ आहे. पेट्रोल पंप बरा: गाडी लावता येते, संडास असतो, उजेड असतो. टेम्पो असेल तर जास्तीत जास्त तीन ठिकाणी थांबा. नकाशा दोन-तीन मिनिटं दाखवतो, प्रत्यक्षात एक थांबा दहा ते बारा मिनिटं खातो. ‘माझ्या सोसायटीच्या गेटवरून घ्याल का’ याला उत्तर नाही असंच.

वेळ खाणारी दुसरी जागा म्हणजे नाश्ता. पंधरा माणसं हॉटेलात शिरली आणि प्रत्येकाने मेनूकार्ड उघडलं की पाऊण तास गेलाच. गाडीतच विचारून घ्या, पोहे की मिसळ, आणि एकाने उतरून एकदम ऑर्डर द्यावी. त्याहून बरं म्हणजे पायथ्याच्या गावातल्या घरी पोहे-चहा सांगून ठेवणं. दुपारचं पिठलं-भाकरी तिथेच. ताटांचा आकडा शनिवारी सकाळी कळवावा, संध्याकाळी नव्हे, कारण दळण आणि भाजी शनिवारीच येते. शाकाहारी किती, मांसाहारी किती, आणि कॅलेंडर बघून उपवास किती हेही सांगा. तिसऱ्या रविवारी एकादशी किंवा चतुर्थी आली की चार ताटं साबुदाण्याची होतात, आणि हे कुणालाच आधी आठवत नाही. आकडा कमी झाला तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यायचे. ते घर दर वर्षी लागणार आहे.

चढताना सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे दमसास असलेला. मागच्याने कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, अगदी फोटो काढणाऱ्यालाही. वाट फुटते तिथे पुढच्याने शेवटचा माणूस दिसेपर्यंत थांबायचं. आणि विश्रांतीची गंमत अशी की पुढचे दहा मिनिटं बसलेले असतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी सगळे उठतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. मागचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची.

परतीची वेळ चढायच्या आधी ठरवा. जानेवारीत साडेसहाच्या आत अंधारायला लागतं. राजगडावर रविवारी चोर दरवाजाखालच्या रेलिंगपाशी चढणारे-उतरणारे समोरासमोर येऊन अर्धा-पाऊण तास सहज अडतो, म्हणून दोनला पद्मावती माचीवरून निघायचं. बालेकिल्ला राहिला तर राहिला. संजीवनी आणि सुवेळा दोन्ही माच्या एका दिवसात पंधरा जणांना घेऊन होत नाहीत, तसं कुणाला कबूलही करू नका.

बिघडतं काय, तर बहुतेक वेळा बूट. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेल्या बुटाचा सोल बाहेरून धड दिसतो आणि चढावर सुटतो, कारण आतला फोम किंवा गोंद नुसता ठेवूनही मरतो. एक इन्सुलेशन टेप आणि दोन मीटर नाडी सॅकमध्ये असू द्या. सोल बांधून माणूस खाली येतो. पाणी थंडीत माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नये. अत्तर, डिओ नको, गडावर शेकोटी-सिगारेट नको: कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, आणि एकदा उठली की पळण्यापलीकडे उपाय नसतो. फोनमध्ये १०८ आणि ११२ सगळ्यांनाच माहीत असतात. गावातल्या जेवणवाल्यांचा नंबर मात्र निदान तिघांकडे हवा, कारण मदत आधी गावातूनच येते.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदी घालतात, ती शनिवारी पुन्हा तपासा. रेड अलर्ट असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाला एकाच माणसाने निर्णय सांगायचा, चर्चा नाही. रद्द झालं तरी रविवार मोडू नये. कुणाच्या तरी घरी भजी करा.

हिशेब परतीच्या गाडीतच, सोमवारवर ढकलायचा नाही. खर्च एका कागदावर, त्याचा फोटो ग्रुपवर. टेम्पोचे उरलेले ते चौदाशे परत वाटत बसू नका. माणशी नव्वद-पंच्याण्णव येतात आणि पाठवायला पंधरा व्यवहार. ते शिलकीत टाका: त्यातून टॉर्चचे सेल, क्रेप बँडेज, टेप, आणि पुढच्या महिन्यात ऐनवेळी कुणी गळालंच तर त्याचं भोक. शिलकीचा आकडा दर वेळी त्याच कागदाच्या तळाशी लिहायचा, आणि त्याच्याखाली पुढच्या तिसऱ्या रविवारची तारीख आणि गडाचं नाव.