लायनरमागचं भोक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे ब्लॉक बोअर करणं, म्हणजे झिजलेली सिलिंडरची भोकं कापून पुन्हा गोल, मापात आणणं, हा माझा धंदा. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप हे रोजचंच. प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक मात्र आता क्वचित येतो. त्यामुळे गडहिंग्लजकडच्या मेकॅनिकने तो रिक्षाटेम्पोतून उतरवला, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. मालक निवृत्त शिक्षक, सोबतच आले होते. त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली गाडी.

तक्रारी दोन होत्या. गाडी निळा धूर सोडून तेल खात होती, आणि रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं पण खाली कुठे ठिपका नाही. मेकॅनिक म्हणाला, "दादा, पुढचा साइज मारा आणि द्या, संध्याकाळी घेऊन जातो." म्हणजे बोअर थोडा मोठा कापायचा आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे.

पण पिस्टनच्या डोक्यावर ०.६० चा आकडा ठोकलेला होता. म्हणजे हा ब्लॉक आधीच ६८.६० पर्यंत कापलेला. बोअर गेज घातला. वरच्या रिंगेच्या जागी ६८.८२, अगदी तळाशी ६८.६१. झीज वरच जास्त असते, कारण तिथे आग, दाब सगळ्यात जास्त, पिस्टन क्षणभर थांबतो आणि तेलाचा थर तुटतो. त्यातही क्रँकच्या आडव्या दिशेला, जिकडे पिस्टन रेलतो तिकडे, बोअर अंडाकृती झालेला. नखाला कडा स्पष्ट लागत होती. इतकी झीज काढायला मोठा साइज हवा, आणि त्या साइजचे पिस्टन आम्हाला बाजारात मिळत नव्हते.

मग ब्लॉकचा वरचा फेस घासून स्वच्छ केला, तेव्हा दोन नंबरच्या बोअरभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसली. बाकी तिघांभोवती नाही. कुणीतरी, कधीतरी, त्या एकाच सिलिंडरला लायनर, म्हणजे बोअरच्या आत घट्ट बसणारी नळी, ठोकला होता. काकांना, म्हणजे गाडीच्या मालकांना, काही माहीत नव्हतं. काम इतकं साफ होतं की रेघेवर बोट फिरवून काही लागत नव्हतं. ज्याने केलं त्याचा हात चांगला होता.

पण एकालाच का? बोअर करायच्या आधी याचं उत्तर मला हवं होतं. पाण्याच्या वाटा प्लेट आणि रबराने बंद केल्या, आत हवेचा दाब दिला आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवला. थोड्या वेळाने दोन नंबरच्या लायनरच्या खालच्या कडेतून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग सलग माळच. काकांचं पाणी तिथून तेलात जात होतं.

मेकॅनिक म्हणाला, "मुंबईला टॅक्सीच्या भंगारातला ब्लॉक बघूया." मला ते पटलं नाही. भंगारातल्या ब्लॉकचीही झीज झालेलीच असते, आणि आरसी बुकात चढलेला इंजिन नंबर या ब्लॉकवर आहे. बदलला की आरटीओच्या फेऱ्या आल्या. काकांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "वाचत असेल तर वाचवा."

जुना लायनर मशीनवर कापत कापत कागदासारखा पातळ केला, मग तो आपसूक सुटला. मागे बिडाच्या भिंतीवर तांबूस डाग, आणि डागाच्या मधोमध पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. गंज पाण्याच्या बाजूने आला होता. कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांची बाहेरची झाकणं, काढले तर आत गाळ दाबून बसलेला. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घातल्याचा हा परिणाम. तार, वाळूचा फवारा, पाण्याचा मारा करून सगळा गाळ काढला. भोकाभोवतालची भिंत मोजली, ती जाड निघाली. भोक मोठं नव्हतं, ब्लॉक वाचणार होता.

चारही बोअरना लायनर घालायचे ठरले. बोअर मारताना बार, म्हणजे मशीनचा कापणारा दांडा, वरच्या झिजलेल्या तोंडावर सेंटर करायचा नाही. तळाला, जिथे रिंगा पोचतच नाहीत, तिथे करायचा. नाहीतर झीज झालेल्या बाजूकडे सिलिंडरच सरकतो. तळाशी लहानशी पायरी सोडली, म्हणजे लायनर खाली घसरणार नाही. लायनर बोअरपेक्षा पाच शतांश मिमी मोठा ठेवला आणि हायड्रॉलिक प्रेसने बसवला. दोन नंबरला बाहेरून सीलंटही लावला. चारही बसल्याशिवाय एकालाही फिनिश कट दिला नाही, कारण शेजारचा लायनर बसताना भिंत थोडी हलतेच. ब्लॉकचा वरचा फेस मशीनवर सपाट केला, ब्लॉक रात्रभर निवांत ठेवला, आणि सकाळी थंड असताना प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर पूर्ण केला. परत मूळ ६८ च्या साइजवर.

शेवटी होनिंग, म्हणजे बोअर आतून दगडाने घासणं. त्याच्या तिरक्या रेघांत दगडाची पूड अडकते. ती डिझेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन धुवायचं, आणि पांढरं फडकं फिरवल्यावर करडा डाग येईनासा होईपर्यंत धुवायचं. मेकॅनिकला कंटाळा आला होता, पण मी फडकं त्याच्याच हातात दिलं. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर बीड डोळ्यांदेखत गंजतं.

पुन्हा दाब दिला. एकही बुडबुडा नाही.

गाडी जोडून काका ती चालवतच उद्यमनगरात घेऊन आले. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये चढाला जोर द्यायचा नाही, पाचशेला तेल बदलायचं, हेड पुन्हा कसून टॅपेट बघून घ्यायचे, हे सगळं त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि डिकीत कूलंटचा डबा होता, मी विचारायच्या आधीच त्यांनी तो उघडून दाखवला.