वकिलाशिवाय दावा लावताना

आमच्या कारखान्यातून एका व्यापाऱ्याने टॉवेलचा माल उधारीवर उचलला आणि पैसे अडकवले. रक्कम 3 लाखांच्या आतली, त्यामुळे व्यावसायिक दावा, त्याआधीची सक्तीची मध्यस्थी वगैरे भानगडी नव्हत्या. साधा वसुलीचा दिवाणी दावा. महिलांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे मला ठाऊक होतं. पण खातेवही माझ्या हातची, व्यवहार माझा. म्हटलं, आपणच उभं राहू.

आधी मुदत बघितली. विकलेल्या मालाच्या पैशासाठी माल दिल्यापासून 3 वर्षं. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. त्या काळात देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर तिथून पुन्हा 3 वर्षं. माझ्याकडे कबुली होती, पण व्हॉट्सअ‍ॅपवर: "दिवाळीनंतर सगळं क्लिअर करतो वहिनी."

दावा कोर्टात दिला, तेव्हा कार्यालयाच्या छाननीत आक्षेप निघाले. सत्यापनासोबत (मजकूर खरा असल्याच्या सहीसोबत) शपथपत्र, कागदयादी, पानांना क्रमांक, पत्त्याचा मेमो, प्रतिवादीसाठी दाव्याची प्रत, समन्सची फी. ही किरकोळ कामं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला यांचे साचे तोंडपाठ असतात. काउंटरवरचे साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, वकील असो नसो, यादी तीच." मला ते पटलं. फक्त ती यादी नमुन्यासकट भिंतीवर लावली, तर त्यांचाही घसा वाचेल.

घोडं अडलं ते चॅटच्या प्रिंटवर. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं: भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. भाग अ मध्ये फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि चक्क रंगही विचारलाय. घेतल्यापासून फोन कव्हरमध्येच. काढून बघितला तर पाठ निळी, कडा घासून पांढुरक्या झालेल्या. "निळा" लिहून मोकळी झाले.

मग हॅश, म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसाच म्हणा. चॅटची फाईल संगणकावर घेऊन एसएचए-256 ने हिशेब केला की 64 अंक-अक्षरांची एक ओळ मिळते, ती फॉर्मात लिहायची. ओळखीच्या एका संगणक अभियंत्याने भाग ब भरून दिला. त्याने मला गंमत दाखवली: फाईलच्या दुसऱ्या प्रतीत एक स्वल्पविराम खोडला, तर अख्खी ओळ बदलली. म्हणून मूळ फाईल उघडून पुन्हा सेव्ह करायची नाही. प्रती काढा, छेडछाड त्यांच्यावर करा.

हा नियम मला जाचक वाटला नाही. स्क्रीनशॉट काय, आमच्या कारखान्यातला पोरगाही बनवेल. पण तज्ज्ञाची अट छोट्या माणसाला जड आहे. माझी ओळख होती म्हणून निभावलं. नसती तर एका मेसेजपायी किती खर्च करायचा?

आक्षेप दूर झाले, दाव्याला नंबर पडला, समन्स गेलं. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) 30 दिवस, कोर्टाने कारण नोंदवून वाढवून दिलं तर 90 पर्यंत. तारीख मी सीएनआर क्रमांक (दाव्याला मिळालेला ओळख क्रमांक) टाकून मोबाईलवरच बघते. व्यापाऱ्याच्या वकिलांनी वकीलपत्र दाखल करून मुदत मागितली आहे.